मैदानाची शाळा : पळवणकर बाळू

लोअर परळ हा मुंबईतील कामगारांचा जुना भाग. एके काळी येथे कापडगिरण्यांच्या उंच धुराड्यांतून दिवसरात्र धूर निघे आणि रेल्वेच्या विस्तीर्ण कारखान्यांत दुरुस्तीचे काम चाले. भोंगा झाला की हजारो माणसे कामावर जात. भोंगा झाला की दमूनभागून घरी परतत. एका लहानशा खोलीत आठ-दहा माणसांचा संसार असे. अशा घरांतील मुलांना हातपाय पसरण्यास घरात जागा नसे. मग चाळीचा चौक, दोन चाळींमधील बोळ, नाहीतर एखादे मोकळे पटांगण हेच त्यांचे अंगण होई. तेथे कोणी हुतूतू खेळे, कोणी विटीदांडू, तर कोणी लाकडाच्या फळीचीच बॅट करून क्रिकेटचा डाव मांडी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि धुराड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु संध्याकाळी चेंडू घेऊन गल्लीत उतरणारी मुले आजही तेथे दिसतात.

खेळात मुलांचा वेळ फुकट जातो, असे पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांस वाटते. खेळाने शरीर बळकट होते, एवढे ते मान्य करतात. परंतु खेळाने मन घडते, हे त्यांना सहसा पटत नाही. ज्यांना ही शंका असेल त्यांनी पळवणकर बाळू यांचे चरित्र पाहावे. लोअर परळात ज्या रेल्वेचे कारखाने होते, त्याच रेल्वेच्या क्रिकेट संघातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा डावखुरा गोलंदाज खेळत असे. शाळेचे शिक्षण त्यांस फारसे लाभले नाही. त्यांची खरी शाळा मैदान हीच होती, आणि त्या शाळेतील धडे त्यांनी इतक्या निष्ठेने गिरविले की, पुढे मैदानावरील मोठमोठ्या माणसांनाही त्यांच्यापासून धडा घ्यावा लागला.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील. पळवण या गावावरून त्यांस पळवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्कराच्या चाकरीत होते. कुटुंब चर्मकार समाजातील होते, आणि त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. अस्पृश्य मानलेल्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे, देवळाची पायरी चढता येत नसे. इतकेच काय, त्याची सावलीही कित्येकांना चालत नसे. एखादे मूल कितीही गुणी असले, तरी त्याचे पुढे काय व्हावयाचे हे त्याच्या जन्मानेच ठरून जाई.

पुढे हे कुटुंब पुण्यास आले. पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी आणि गोरे सैनिक क्रिकेट खेळत. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांना त्या खेळाचे वेड लागले. नवी बॅट वा नवा चेंडू घेणे या मुलांच्या आवाक्याबाहेरचे होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले जुने साहित्य त्यांच्या हाती येई, आणि त्यावरच त्यांचा खेळ चाले. घरची ओढगस्त असल्यामुळे शाळा लवकरच सुटली. मुलांनी चार पैसे मिळविणे भाग होते. तथापि पुस्तक हातातून गेले तरी चेंडू हातातून गेला नाही.

पुण्यात पारशी गृहस्थांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे बाळूला पहिली नोकरी मिळाली. मैदान झाडावयाचे, खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, आणि सभासदांनी सांगितले तर त्यांना सरावासाठी अधूनमधून गोलंदाजी करावयाची, असे त्या कामाचे स्वरूप होते. पगार महिना तीन रुपये. काम कष्टाचे होते आणि त्यात मानही नव्हता. परंतु खेळपट्टीवर रोज रूळ फिरविणाऱ्या माणसाला जमिनीची जी ओळख होते, ती दुरून पाहणाऱ्यास होत नाही. कोठे माती घट्ट आहे, कोठे भुसभुशीत आहे, सकाळच्या दवाने चेंडू कसा वागतो, दुपारच्या उन्हाने तडकलेल्या जमिनीवर तो कसा वळतो, हे ज्ञान हातापायांच्या वाटेने त्याच्या अंगी उतरते. जे काम इतरांना हलके वाटे, ते बाळूच्या शिक्षणाचा पहिला पाठ ठरले.

१८९२ च्या सुमारास बाळू पूना क्लबात नोकरीस लागला. हा क्लब युरोपीय लोकांचा होता. येथे पगार एक रुपयाने वाढून चार रुपये झाला. खेळपट्टी लाटणे, तिच्यावर खुणा आखणे, सरावाची जाळी उभी करणे, टेनिसची मैदाने आखणे ही त्याची रोजची कामे होती. तेथे जे. जी. ग्रेग नावाचे इंग्रज लष्करी अधिकारी खेळावयास येत. ते त्या काळच्या भारतातील नामांकित युरोपीय फलंदाजांपैकी एक होते. इतर सभासद येण्यापूर्वीच ते मैदानावर हजर होत आणि बाळूला गोलंदाजी करावयास सांगत. त्यांनी एक अट घातली होती. बाळूने त्यांना बाद केले की दर खेपेस ते त्यास आठ आणे देत.

चार रुपये पगार असलेल्या मुलाला आठ आणे ही मोठी रक्कम होती. आठ वेळा ग्रेग बाद झाले की महिन्याच्या पगाराइतके पैसे हाती येत. परंतु ग्रेग यांच्यासारखा फलंदाज सहजासहजी बाद होणारा नव्हता. त्यासाठी बाळूला रोज नवा विचार करावा लागे. चेंडू किती उंच द्यावा, तो कोठे टाकावा, कधी वेग थोडा वाढवावा आणि कधी कमी करावा, बोटांनी किती फिरकी द्यावी, हे सारे तो प्रयोगाने शिकत गेला. एक चेंडू फुकट गेला की तो का फुकट गेला याचा विचार करावयाचा आणि पुढचा चेंडू अधिक नीट टाकावयाचा, हा त्याचा नेम बनला. तास न् तास तोच हात, तीच धाव आणि तेच लक्ष्य! कंटाळा हा शब्द या अभ्यासात नव्हता. डावा हात हळूहळू इतका सधला की, चेंडू इच्छिलेल्या जागी पडू लागला.

मुले खेळतात तेव्हा त्यांस बाहेरून पाहणाऱ्याला केवळ धावपळ दिसते. वास्तविक त्या धावपळीत एक मोठी शिकवण चाललेली असते. अपयश आले तरी पुन्हा उठावयाचे, चूक झाली तर ती दुसऱ्याच्या माथी न मारता स्वतः सुधारावयाची, समोरचा कसलेला असला तरी न भिता त्याच्याशी बुद्धीने झुंजावयाचे, आणि हे सारे नियम पाळून करावयाचे. ही शिकवण उपदेशाने क्वचितच अंगी बाणते. खेळाने ती नकळत बाणते. बाळूच्या बाबतीत असेच घडले.

एक गोष्ट मात्र या मैदानावरही त्याला मिळाली नाही. पूना क्लबात त्याने असंख्य चेंडू टाकले. परंतु त्याच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे आणि श्रीमंतांचे काम, आणि गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम, अशी त्या काळची समजूत होती. मैदान सर्वांना सारखे वागविते हे खरे असले, तरी मैदानावर येणारी माणसे आपापल्या समजुती घरी ठेवून येत नाहीत, हेही तितकेच खरे.

पूना क्लबातील या डावखुऱ्या गोलंदाजाची कीर्ती हळूहळू शहरात पसरली. त्या वेळी पुण्यातील हिंदू खेळाडूंचा संघ युरोपीय संघाशी सामने खेळत असे. बाळू आपल्या संघात असावा, असे काही खेळाडूंना वाटू लागले. परंतु अस्पृश्य मानलेल्या मुलाबरोबर कसे खेळावयाचे, असा प्रश्न इतरांनी उपस्थित केला. बरीच चर्चा झाली. अशा गोलंदाजास दूर ठेवणे हिंदूंच्याच हिताचे नाही, असे मत ग्रेग यांनीही बोलून दाखविले. अखेर जिंकण्याची इच्छा रूढीपेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू यांना संघात घेण्यात आले.

तथापि संघात घेतले म्हणून सर्व भेद मिटले असे झाले नाही. चेंडूला त्यांचा हात लागे, तोच चेंडू उच्चवर्णीय खेळाडूही हाती घेत. त्यात कोणास विटाळ वाटत नसे. परंतु चहाची वेळ झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू तंबूत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळू यांना तंबूबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि मेजही वेगळे. तोंड धुवावयाचे झाले तर मैदानाच्या एका कोपऱ्यात जावे लागे, आणि तेथे त्यांच्याच समाजातील नोकर त्यांच्या हातावर पाणी घाली. ज्याच्या गोलंदाजीवर संघ जिंके, त्याला संघाच्या पंक्तीत मात्र जागा नव्हती.

अशा अपमानाने एखाद्याचे मन कडवट झाले असते, किंवा त्याने मैदान कायमचे सोडले असते. बाळू यांनी यांपैकी काहीच केले नाही. ते पुन्हा मैदानात जात आणि आपल्या ठरलेल्या जागेवरून चेंडू टाकू लागत. पुण्याच्या हिंदू संघाने युरोपीय संघाचा पराभव केला. पुढे साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याशी सामना ठरला. बाळू यांच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून तेथे आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी गुळगुळीत करण्यात आली होती. परंतु ज्याने लहानपणापासून स्वतः रूळ ओढला, त्यास खेळपट्टी काय फसविणार? बाळू यांनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. या यशाने पुण्यातील विचारी माणसे जागी झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांचा जाहीर गौरव केला, आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांची प्रशंसा केली. ज्यांच्याबरोबर खेळावयाचे त्यांच्याबरोबर जेवावयाचे नाही, ही विसंगती आता लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या साथीच्या दिवसांत, बाळू पुणे सोडून मुंबईस आले. मुंबई ही त्या वेळी भारतातील क्रिकेटची राजधानी होती. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना हा हिंदू खेळाडूंचा मुख्य क्लब. येथेही त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता. परंतु त्यांचा खेळ पाहिलेल्या मंडळींनी आग्रह धरला आणि जिमखान्याचे दार उघडले. पुढे मुंबईच्या हिंदू खेळाडूंनी पुण्याच्याही एक पाऊल पुढे टाकले, आणि ते बाळू यांच्यासह एकत्र भोजनास बसू लागले. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती इतकी अपूर्व होती की, समाजसुधारकांच्या नियतकालिकात तिची आवर्जून दखल घेतली गेली.

चरितार्थासाठी त्यांना मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेत नोकरी मिळाली. लोअर परळातील मोठे रेल्वे कारखाने याच रेल्वेचे होते. हीच पुढे १९५१ साली स्थापन झालेल्या पश्चिम रेल्वेत सामील झाली. या रेल्वेचा स्वतःचा क्रिकेट संघ होता, आणि बाळू त्या संघातून खेळत. ज्या हातांनी एके काळी तीन रुपयांसाठी मैदान झाडले होते, त्याच हातांतील कसबाने आता त्यांचे घर चालू लागले. मोठ्या भावाच्या मागोमाग शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊही मुंबईच्या मैदानावर चमकू लागले. एकाच घरातील चार भाऊ उत्तम क्रिकेटपटू व्हावेत, हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल. मोठ्या भावाने मैदानावर जी पायवाट पाडली, तिच्यावरून धाकटे निर्धास्तपणे चालू शकले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपीय या संघांमध्ये एक सामना झाला. त्या काळी इंग्रजांचे राज्य होते, आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येईल असे थोड्यांनाच वाटे. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपीय संघ १९१ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा जोडल्या. आता युरोपीय संघास जिंकण्यासाठी २१२ धावा हव्या होत्या. परंतु बाळू आणि त्यांचे सहकारी गोलंदाज यांच्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. सारा संघ १०२ धावांत आटोपला, आणि हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. पुढच्याच वर्षी हिंदूंनी युरोपीय संघास पुन्हा हरविले. या विजयांनी सर्वत्र आनंद पसरला. त्या आनंदात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तो गोलंदाज समाजाच्या सर्वांत खालच्या मानलेल्या पायरीवरून आला होता, ही गोष्ट कोणास विसरता येण्याजोगी नव्हती.

१९११ साली भारताचा पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे त्याचे नायक होते. संघात निरनिराळ्या धर्मांचे आणि प्रांतांचे खेळाडू होते. बाळू आणि शिवराम हे दोघे बंधूही त्यांत होते. बाळू त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते. हे वय गोलंदाजास फारसे अनुकूल नव्हे. परका देश, थंड हवा, ओलसर मैदाने आणि एकामागून एक सामने, अशी ती कसोटी होती. संघाने एकंदर २३ सामने खेळले. त्यांपैकी सहा जिंकले, पंधरा गमावले आणि दोन अनिर्णीत राहिले. संघाच्या वाट्यास अपयश अधिक आले, तरी बाळू यांच्या यशाला उणेपणा आला नाही. या दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी टिपले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक काढून भारतास विजय मिळवून दिला. लष्करी छावणीतल्या टाकाऊ चेंडूने खेळू लागलेल्या त्या दोन मुलांनी आता इंग्लंडमधील जाणत्या प्रेक्षकांकडून वाहवा मिळविली.

बाळू परत आले तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. आपल्यापैकी एक माणूस केवळ गुणांच्या बळावर सातासमुद्रापलीकडे नाव मिळवू शकतो, ही गोष्ट त्या समाजातील तरुणांना धीर देणारी होती. त्या वेळी महाविद्यालयात शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांनाही बाळू यांच्याविषयी मोठा आदर वाटे.

इतके होऊनही एक दार बंदच राहिले. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपीय या चार संघांची चौरंगी स्पर्धा १९१२ पासून मुंबईत सुरू झाली. हिंदू संघात बाळू यांच्याइतका अनुभवी आणि यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. संघाचे नायकत्व त्यांच्याकडे यावे, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. परंतु निवड करणाऱ्यांनी ते कधीच त्यांना दिले नाही. अस्पृश्य मानलेल्या माणसाचा खेळ त्यांना चालत होता. त्याची आज्ञा चालत नव्हती.

१९२० साली ही गोष्ट विकोपास गेली. त्या वर्षी बाळू यांना प्रथम संघातूनच वगळण्यात आले. संघनायक आजारी पडले तेव्हाही त्यांच्या जागी पळवणकर बंधूंच्या ज्येष्ठतेचा विचार झाला नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि आपल्यावरील अन्यायाचे जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. त्यांनी कोणास अपशब्द वापरला नाही. नायकाची निवड गुणांवर व्हावी, जातीवर नव्हे, एवढीच त्यांची मागणी होती. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. पारशी संघाविरुद्धच्या पुढील सामन्यात बाळू यांना परत बोलाविण्यात आले, त्यांना उपनायक नेमण्यात आले, आणि त्यांचे दोन्ही भाऊही संघात परतले. त्या सामन्यात नायक काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघाने बाळू यांच्या नेतृत्वाखाली खेळ केला. आयुष्यभराच्या सेवेनंतर मिळालेला तो मान काही वेळेपुरताच होता.

परंतु ज्या दारावर थोरल्याने इतकी वर्षे थाप दिली, ते धाकट्यासाठी उघडले. १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे नायक झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपीय संघाचा पराभव करून स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी हर्षभराने विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्या घरातील माणसाला एके काळी तंबूबाहेर चहा मिळे, त्याच घरातील माणसाला आता सर्व जातींच्या लोकांनी डोक्यावर घेतले होते. पळवणकर घराण्याची ही वीस-पंचवीस वर्षांची वाटचाल म्हणजे खेळाने समाजाला शिकविलेला एक मोठा धडाच होय.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू यांनी सार्वजनिक कार्यात भाग घेतला. १९३२ साली येरवडा येथे झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत तेही होते. अस्पृश्यता नष्ट झाली पाहिजे, याविषयी त्यांच्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मनात दुमत नव्हते; परंतु ती कोणत्या मार्गाने नष्ट व्हावी, याविषयी मतभेद होता. १९३७ साली मुंबई विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी भायखळा व परळ या मतदारसंघात डॉ. आंबेडकर उभे होते, आणि काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळू यांना उभे केले. परळच्या बी. आय. टी. चाळीत आंबेडकरांनी अनेक वर्षे वास्तव्य केले होते. गिरणगावातील कामगार त्यांना आपला माणूस मानीत. या निवडणुकीत डॉ. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. ज्याने जन्मभर विजयाप्रमाणे पराजयही पाहिला, त्या खेळाडूस हार पचविणे नवे नव्हते.

बाळू यांनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळून १७९ गडी बाद केले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तोपर्यंत त्यांचे वय उलटून गेले होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. तथापि भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणून क्रिकेटचा इतिहास त्यांचे नाव घेतो.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत बाळू यांचे निधन झाले. मातीच्या भांड्यातून तंबूबाहेर चहा घेणाऱ्या त्या मुलाने आपल्या हयातीतच देशाचा कायदा बदललेला पाहिला. कायदा बदलला म्हणून माणसांची मने लगोलग बदलत नाहीत. ती बदलण्याचे काम त्याच्याआधी कितीतरी वर्षे मैदानावर सुरू झाले होते.

लोअर परळाच्या शेजारी, प्रभादेवीत, पी. बाळू मार्ग या नावाचा रस्ता आहे. त्या भागातील गल्ल्यांतून मुले आजही चेंडू टाकतात. त्यांतील सारीच मोठे खेळाडू होणार नाहीत, आणि तशी आवश्यकताही नाही. खेळण्याने त्यांचे शरीर काटक होईल, नजर तीक्ष्ण होईल, हात सधेल. त्याहून मोठा लाभ म्हणजे, हरल्यावर न रुसता पुन्हा डाव मांडण्यास ती शिकतील आणि जिंकल्यावर हरलेल्याचा मान राखतील. आपल्या बाजूने खेळणाऱ्या गड्याची जात, भाषा वा श्रीमंती न विचारता त्याचा खेळ पाहण्याची त्यांस सवय लागेल. चेंडू सर्वांच्या हातून फिरतो, आणि तो कोणाच्याही हातास विटाळ मानीत नाही. ज्या मुलाने हे एकदा अनुभवले, तो डाव संपल्यावर आपल्या सोबत्याला पंक्तीबाहेर बसविणार नाही.